रक्ताले विचारू

"थांबा जरा. रक्ताले विचारू."

जनावर कोणाचंही असो आणि मालक कितीही घाईत असो, आमच्या मॅडमचं पहिलं वाक्य हेच. मग त्या डावा हात गाईच्या मानेवर ठेवायच्या, अंगठ्यानं गळ्याची शीर दाबायच्या आणि ती बोटाएवढी फुगून वर येईपर्यंत गाईशी काहीतरी पुटपुटत राहायच्या. काय पुटपुटायच्या ते मला दोन वर्षांत एकदाही ऐकू आलं नाही. गाईला येत असावं. ती मुकाट उभी राहायची.

मी गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक आहे. नाव भारी आहे, काम साधं: जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरणं आणि हाताला सवय झाली की सुया टोचणं. गाव मंगरूळपीरपासून एसटीनं अर्ध्या तासावर. गावाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत एक चूक आहे आणि ती माझी आहे.

मॅडम आमच्याकडे डॉक्टर म्हणून आल्या तेव्हा माझी नोकरी वीस वर्षांची झाली होती आणि त्या जेमतेम तिशीच्या. मंगरूळपीरच्या कडेला त्यांचा मळा. वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, भल्या सकाळी बाजारात नेणारं घर. पहिल्या दिवशी आल्या, खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत. सरळ लसींचा फ्रिज उघडला आणि आतली एक बाटली उजेडात धरून मला विचारलं, "भाऊ, हे कोनत्या रोगाची लस हाये?"

"ताक हाये मॅडम. मायं."

"जंतू त ह्याच्यात बी असते," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "पन ह्यायचं घर दुसरं."

त्या दिवसापासून माझं ताक खिडकीत गेलं.

लस टोचायला निघाल्या की त्यांचा अवतार बघण्यासारखा असायचा. कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर मोठा गॉगल. आम्ही सगळे उघड्या हातांनी, एका हातात विडी धरूनसुद्धा, टोचत आलो होतो. लोक हसायचे. "मॅडम आज वेल्डिंग कराले आल्या काय वो?" असं एकानं विचारलं तेव्हा मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. गॉगल नीट बसला की नाही एवढं त्यांनी चाचपून पाहिलं.

समजावून सांगायला मात्र त्यांना कंटाळा नव्हता. लाळ-खुरकताच्या मोहिमेत एक शेतकरी बैलजोडी घेऊन अडून बसला. "मागच्या खेपेले टोचली ना. आता पुन्हा कायले? वासराले ते दुसरी एकदाच देता, मंग बैलाले दर खेपेले काहून?"

मॅडम बांधावर त्याच्या शेजारी बसल्या. "ह्या लसीतला जंतू मेलेला हाये भाऊ. तेलात घोटून देतो आमी. तेल नसतं त तो चार दिवसांत अंगातून निघून गेला असता. तेल त्याले धरून ठेवते, जरा-जरा सोडते. तेवढे दिवस रक्त त्याले पाहते आन त्याच्या मापाची अँटीबॉडी घडवते. पन मेलेला तो मेलेला. सहा महिन्यांत रक्त इसरून जाते. वासरायच्या लसीतला जंतू जिवंत हाये, फक्त नरम केलेला. तो अंगात काही दिवस राहते, वाढते. मंग रक्त त्याले जल्मभर इसरत नाई."

"म्हंजे लसी-लसीत फरक हाये?"

"बियान्या-बियान्यात नाई काय?"

त्यानं दोन्ही बैलांचे कासरे माझ्या हातात दिले. मी बैल धरले खरे, पण माझं लक्ष उडालं होतं. वीस वर्षं मी हजारो जनावरं टोचली, आणि कोणत्या बाटलीत मेलेलं आहे, कोणत्या बाटलीत जिवंत, हे कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. माझ्या लेखी सगळं औषधच.

एका दुपारी दवाखान्यात कोणी नव्हतं. सकाळी काढलेल्या रक्ताच्या नळ्या मॅडमनी टेबलावर तिरप्या लावून ठेवल्या होत्या. रक्त खाली गोठून बसलं होतं आणि त्याच्यावर पिवळसर, जवसाच्या तेलाच्या रंगाचं पाणी सुटलं होतं. असलं पाणी मी आजवर कितीदा मोरीत ओतून दिलं होतं.

"या भाऊ, पाहा," त्या म्हणाल्या. "सगळं ह्या पान्यात असते."

पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्यांनी त्या पाण्याचे दोन थेंब ठेवले, दोन जनावरांचे. प्रत्येकाच्या शेजारी एकेक थेंब गुलाबी औषध. ब्रुसेलोसिस नावाचा रोग आहे. गाई-म्हशी त्यानं अवेळी गाभ टाकतात, आणि कच्च्या दुधातून, वासरामागून पडणाऱ्या वारेतून तो माणसालाही लागतो. त्याचे मेलेले, रंगवलेले जंतू त्या गुलाबी थेंबात असतात. काडीनं त्यांनी थेंब कालवले आणि फरशी हातात घेऊन घड्याळाकडे पाहत सावकाश डोलवू लागल्या.

पहिला थेंब होता तसाच राहिला, सरबत सांडल्यासारखा. दुसऱ्यातही आधी काही नव्हतं. मग त्याच्या कडेला बारीक काही दिसल्यासारखं झालं. बघता बघता कण आले, कणांचे दाणे झाले, आणि चार मिनिटांच्या आत तो सगळा थेंब रवा पडल्यासारखा फुटला.

"हे काय झालं?"

"अँटीबॉडी. ह्या गाईच्या रक्तानं घडवलेली. तिले हात असते, दोन. एका हातानं एक जंतू धरते, दुसऱ्यानं दुसरा. लाखो जनींनी असं धरलं म्हंजे गुठळी होते. ती सोता डोयाले दिसत नाई भाऊ. तिनं धरलेलं दिसते."

मी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. दाणे तिथंच होते. तुम्हाला सांगतो, मी देवळात हात जोडणारा माणूस आहे, पण त्या दुपारी त्या फरशीच्या तुकड्यासमोर माझे हात नुसते लोंबत राहिले. वीस वर्षं ज्या मानांवर मी थापा मारल्या त्या प्रत्येक मानेत हे चाललेलं होतं.

मॅडम तोपर्यंत फरशी धुवायला गेल्या होत्या. "हात धुवा भाऊ, साबनानं," आतून आवाज आला.

दिवाळीच्या आधी, इंझोरीच्या बाजूच्या एका शेतवस्तीवर एका म्हशीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला. मॅडम दुसऱ्या दिवशी तिथं. वस्तीवरच्या झाडून सगळ्या गाई-म्हशींचं रक्त घेतलं. फरशीवर दोन थेंब फुटले. एक त्या म्हशीचा. दुसरा सुभद्राबाईच्या टिकलीचा.

सुभद्राबाई साठीची, नवरा गेलेली, दोन एकरांत भेंडी, पालक, सांभार पिकवणारी बाई. घरात मुलगा आणि सून. सुनेला सातवा महिना. टिकली घरीच जन्मलेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, पहिल्या वेताची गाय. सुभद्राबाईनं तिला वाढवलं ते हातावर.

मॅडमनी नियमानं सांगायचं ते सांगितलं. गाय वेगळी बांधा. दूध उकळल्याशिवाय थेंबभर पिऊ नका. सुनेनं गाईच्या जवळपास जायचं नाही.

मुलगा घाबरला होता. "बाजारात नेऊन देतो तिले. कोनाले काय समजते?"

"घेनाऱ्याच्या घरी बी सून असन," मॅडम म्हणाल्या.

मुलगा खाली पाहू लागला. सुभद्राबाईनं टिकलीला सोडलं, वासराला पुढं घातलं आणि शेताच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या छपरात नेऊन बांधलं. मग घरातून आपली वाकळ आणली आणि तीही तिथंच राहायला गेली. वस्तीवरच्यांनी त्यांच्याकडचं दूध बंद केलं, ते समजण्यासारखं होतं. पण मग भाजी बंद केली. मग बोलणंही. घागर घेऊन सुभद्राबाई नळावर आली की बाकीच्या बाया आपल्या घागरी जरा सरकवून घ्यायच्या. हे मी स्वतः पाहिलं.

इकडे मॅडमना काहीतरी खटकत होतं. "जमून नाई राह्यलं भाऊ," त्या दोन-तीनदा म्हणाल्या. "ह्या गाईनं गाभ टाकला नाई. दिवसावर याली, वासरू ठनठनीत. वार बी येळेवर पडली म्हनते. मंग थेंब एवढ्या झटक्यात काहून फुटला?"

त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. त्यांच्या येण्याच्या आदल्या वर्षीची नोंद, माझ्या अक्षरात: सुभद्राबाईची कालवड, वय सात महिने, ब्रुसेलाची लस दिली.

"सात महिन्यांची असताना दिली असन त आतापर्यंत रक्तातून उतरून गेली पाह्यजे होती. भाऊ, तुमाले आठवते काय?"

"इतक्या कालवडी टोचल्या मॅडम. कोनती कोनती ध्यानात राहीन?"

मला लख्ख आठवत होतं. त्या दिवशी वस्तीवर नियमात बसणाऱ्या चारच कालवडी होत्या, चार ते आठ महिन्यांच्या. बाटली पाच जनावरांची. ही वासरांची जिवंत लस एकदा कालवली की ठेवता येत नाही, फेकावी लागते. मी डबा बंद करत होतो, तेवढ्यात सुभद्राबाई दोर धरून समोर आली. "माई कालवड काहून सोडून राह्यला रे भाऊ? तिनं काय पाप केलं?" कालवड दीड वर्षाची होती, शिंगं बोटभर आलेली. मी मनात म्हटलं, औषधच आहे, वाया जाण्यापेक्षा कोणाच्या तरी अंगी लागू दे. टोचली. आणि रजिस्टरात आठ महिन्यांच्या वरचं वय चालत नाही म्हणून सात लिहिलं.

तीन दिवस मी गप्प राहिलो. घरी बायकोनं काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

चौथ्या दिवशी आम्ही वस्तीवर निघालो होतो. मॅडमची स्कूटी, त्या चालवत, मी मागे बर्फाचा डबा मांडीवर घेऊन. समोरून त्यांचं तोंड बघत मला सांगता आलं नसतं. पाठीकडे पाहत सांगून टाकलं.

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली, उतरल्या, हेल्मेट काढलं. मी शिव्या खायच्या तयारीनं उभा.

"केवढी होती?"

"दीड वर्साची. शिंगं आलती."

"गाभन नव्हती?"

"नाई."

मॅडमचे डोळे मोठे झाले होते. रागानं नव्हे. एखाद्या लहान मुलीला बंद पेटीतून आवाज यावा, तशा त्या माझ्याकडे पाहत होत्या. "म्हंजे तिचं रक्त खरंच बोलून राह्यलं भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "आपन प्रश्न अर्धवट विचारला."

रस्त्याच्या कडेला सीताफळीची झुडपं होती. त्यांनी एक कच्चं फळ तोडलं आणि माझ्या हातात दिलं. "हे जंतू समजा. ह्याचं साल पाहा, डोळे-डोळे हायेत ना? अँटीबॉडी आतल्या गराले नाई धरत, ह्या सालीले धरते. रोगाच्या जंतूले हे असंच साल असते. लस बनवनारायनं जंतू नरम केला, पन साल तेच ठेवलं. म्हनून त लस काम करते. लहान वासराचं रक्त हे साल थोडंच ध्यानात ठेवते, वरिसभरात सोडून देते. रोगातून वाचाची ताकद राहते, सालीची आठवन जाते. पन मोठ्या कालवडीले तेच दिलं का ते खोल बसते. मंग लई वर्स थेंब फुटतच राहते, उतरते ते सावकाश."

"मंग रोगी गाय आन लसीची गाय..."

"थेंबाले दोन्ही सारख्याच."

"म्हंजे टिकलीले रोग नाईच!"

"असं म्या म्हनलं काय?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "लस घेतलेल्या गाईले बी रोग लागू शकते. आता पुन्हा विचारा लागन. दीड-दीड महिन्यानं, तीनदा. लसीचं असन त उतरत जाईन. रोग असन त उतरनार नाई, चढन बी." मग थोडं थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "वय चुकलं हे एक झालं भाऊ. पन तुमी सात लिवलं. म्या त्या सातवर भरोसा ठेवला आन एका बाईले वस्तीतून उठवलं."

मी सीताफळ हातात घेऊन उभा होतो.

"तिले कोन सांगन?"

"मी सांगतो."

सुभद्राबाई पाटाच्या पाण्यात पालकाच्या जुड्या धूत होती. मी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ती ऐकत राहिली, हात पाण्यातच.

"म्हंजे म्या दोर धरून हट केला म्हनून झालं हे?"

"नाई माय. कायदा मले ठावा होता. तुले नव्हता."

तिनं जुडी झटकली, टोपलीत ठेवली. "आपनहून सांगाले आला, हे बरं केलं. माह्या गाईले रोग नसन तुमच्या म्हनन्यानं, नसो. पन इतके दिवस कोनी तिच्या तोंडाकडे पाह्यलं नाई बाप्पा. ते मले कोन वापस करते?"

मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या.

रजिस्टरातल्या साताच्या आकड्यावर मॅडमनी मला स्वतःच्या हातानं रेघ मारायला लावली, बाजूला अठरा महिने लिहायला लावलं, खाली सही. वर कळवलंही. मला नोटीस आली, यायलाच हवी होती. मी जे घडलं ते लिहून दिलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. टिकलीचं रक्त आणि दूध बर्फात ठेवून बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचं. तिथं ते पाणी पातळ, आणखी पातळ करत जातात आणि किती पातळ केल्यावरही अँटीबॉडी जंतू धरते ते पाहतात, असं मॅडम सांगायच्या. त्या मधल्या दिवसांत मी एकदा बोलून गेलो, "लसच त होती ना मॅडम. लसीनं असं काय मोठं होते?"

मॅडमनी बर्फाच्या डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर तीन नळ्या होत्या. एक त्या म्हशीची, एक टिकलीची, तिसरीवर नाव नव्हतं. "आज तुमी करा," त्या म्हणाल्या. मी हातमोजे घातले, फरशीवर थेंब ठेवले, गुलाबी थेंब घातले, काडीनं कालवलं आणि डोलवू लागलो. म्हशीचा थेंब फुटला. टिकलीचा फुटला. मग तिसराही, आधी कडेला, मग मधे, पुरता फुटला.

"हे तिसरी गाय कोनाची?"

"माई," मॅडम म्हणाल्या. मला आधी वाटलं, त्यांच्या मळ्यातली एखादी गाय. मग त्यांनी डाव्या बाहीचं बटण सोडून दाखवलं. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटपट्टीनं लावलेला होता.

त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या नेमणुकीत, दूरच्या जिल्ह्यात, हीच लस टोचताना कालवडीनं झटका दिला आणि सुई त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी शिरली. थेंबभर लस गेली असेल. कोणाला बोलल्या नाहीत. पुढच्या चार कालवडी टोचून मग घरी गेल्या. तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, घामानं उतरायचा, पुन्हा चढायचा. गुडघे, कंबर दुखायची. मलेरिया म्हणून झालं, टायफॉइड म्हणून झालं, सगळ्यांची औषधं झाली. खरं कळेपर्यंत चार महिने गेले होते. मग बरेच आठवडे औषधं घेतली. आता बऱ्या होत्या; पण मधूनच एखाद्या आठवड्यात कंबर धरायच्या त्याचं कारण मला त्या दिवशी समजलं.

"तो जंतू गाईसाठी नरम केला होता भाऊ," त्या म्हणाल्या. "मानसाले त्याच्या हिशेबात कोनी धरलंच नव्हतं."

आणि मग त्यांनी ती फरशी उचलली, खिडकीशी नेली. एका फरशीवर तीन थेंब: रोगी म्हैस, लस टोचलेली गाय, आणि सुई लागलेली बाई. तिन्ही सारखेच फुटलेले. स्वतःच्या थेंबाकडे पाहत त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, रडतात की काय. पण जवळ जाऊन पाहिलं तर त्यांचा चेहरा अमावस्येच्या ताऱ्यांनी भरलेल्या आभाळाकडे पाहणाऱ्यासारखा झाला होता.

"इतके वर्स झाले," त्या म्हणाल्या. "मी इसरली असती. ह्यानं नाई सोडलं. अजून हात धरूनच हाये."

त्यांच्या गॉगलला मी हसलो होतो, ते आठवून मला फरशीकडे पाहवेना.

तिसरा अहवाल आला तेव्हा उन्हं तापायला लागली होती. मॅडमनी पाकीट दवाखान्यात फोडलं नाही. आम्ही वस्तीवर गेलो, छपराखाली, आणि त्यांनी तिथं ते सुभद्राबाईसमोर उघडलं. तिन्ही आकडे बोटानं एकाखाली एक दाखवले. दुसरा पहिल्याहून कमी, तिसरा त्याहून कमी. दुधात जंतू सापडला नव्हता. "उतरून राह्यलं माय. लसीचंच होतं. टिकलीले रोग नाई."

सुभद्राबाईला वाचता येत नव्हतं. तरी तिनं कागद हातात घेतला आणि उलटसुलट करून टिकलीच्या तोंडासमोर धरला. "पाह्य वं. तुयं नाव हाये ह्याच्यात."

मॅडम स्वतः दोर धरून टिकलीला वस्तीतून चालवत घरी घेऊन आल्या, मुद्दाम मधल्या रस्त्यानं. बाया दारात आल्या. सून बाळंत होऊन महिना-दीड महिना झाला होता. मुलगी, काळ्याभोर जावळाची. मॅडमनी चुलीजवळ बसून टिकलीच्या दुधाला स्वतः उकळ्या येऊ दिल्या, चहा करायला लावला आणि ओट्यावर बसून सगळ्यांसमोर प्यायल्या. बघणाऱ्यांपैकी एकीनं शेवटी म्हटलं, "मले बी दे वो घोटभर." सुभद्राबाईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठली आणि कप आणला.

त्या म्हशीचं मात्र तसं नव्हतं. तिचा आकडा उतरला नाही. ती कायमची वेगळी राहिली. मॅडमनी तिच्या मालकाच्या घरच्या सगळ्यांना दवाखान्यात पाठवलं. मालकाचा म्हातारा बाप वर्षभर सांधे धरून पडला होता, वय झालं म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. त्याच्या रक्तात तेच निघालं. औषधांवर दोन महिन्यांत तो काठी घेऊन पारावर येऊन बसू लागला.

पुढच्या वर्षी मॅडमची निवड एका संशोधन संस्थेत झाली. याच रोगाची नवी लस बनवायच्या कामावर. मला त्यांनी सांगितलं तेव्हा मी आधी नीट अभिनंदनही केलं नाही.

"म्हंजे साल काढलेली लस?" मी विचारलं.

"तशी एक हाये जगात. पन तिच्यात बी खोट हाये. अजून चांगली पाह्यजे. वासरू वाचलं पाह्यजे, थेंब फुटला नाई पाह्यजे, आन सुई चुकून कोनाले लागली त त्याचे चार महिने जाऊ नये."

"जमन काय?"

"काय माहीत. साल सगळं काढलं का रक्त त्याच्याकडे पाहत बी नाई कदी कदी. ठेवलं का घोळ. किती ठेवाचं न् किती काढाचं, त्यातच त्या लोकायची उमर चालली." त्या हसल्या. "मायी बी जाईन."

त्यांच्या जायच्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोर बरेच लोक आले होते. कोणी नारळ आणला, कोणी भाजी. मॅडमनी सगळ्यांचा निरोप घेतला, मला रजिस्टरांच्या कपाटाची किल्ली दिली, हेल्मेट घातलं आणि निघाल्या. मी फाटकापर्यंत गेलो. पुढं नाल्यावर अरुंद पूल आहे. त्याच वेळी गावची गुरं चरायला निघाली होती आणि पूल भरून गेला होता. मॅडमनी पुलाच्या तोंडाशी स्कूटी थांबवली, एक पाय जमिनीवर टेकवला. हॉर्न दिला नाही. गाई, गोऱ्हे, कालवडी त्यांच्या दोन्ही बाजूंनी अंगाला घासून जाऊ लागल्या आणि त्यांचं डोकं हळूहळू डावीकडे, उजवीकडे वळत राहिलं, एकेका मानेकडे. मग धुळीत मला फक्त हेल्मेट दिसत होतं. मग तेही दिसेना.

गुराख्यानं शेवटची म्हैस हाकलली. धूळ बसायला वेळ लागला. बसली तेव्हा पूल मोकळा होता.